पेनिसिलिनचा चौकोन आणि डोरोथीबाई



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तोवर सावित्रीबाई, आनंदीबाई, रमाबाई ही नावे इतर भगिनींनी घेऊनही टाकली होती. मी सातवी इयत्ता शिकलेली. आपल्याला काय जमणार म्हणून गप्प बसले. मग घरात एक लहानशी गोष्ट घडली. धाकटीचा घसा सुजला आणि डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. थोरली शास्त्र शाखेला आहे. तिने वहीच्या मागच्या पानावर त्या औषधाची आकृती काढून मला दाखवली. पाच कोनांचे एक कडे आणि त्याला चिकटून चार कोनांचे लहान कडे. ती म्हणाली की आई, सगळा गुण ह्या चौकोनात आहे, आणि तो खरोखर असाच आहे हे एका बाईने दाखवून दिले. त्या बाईंना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा इंग्लंडातल्या एका वर्तमानपत्राने ऑक्सफर्डच्या एका गृहिणीला नोबेल मिळाले, अशा अर्थाचा मथळा छापला होता, हेही तिने सांगितले.

गृहिणी हा शब्द ऐकून मी हातातले काम बाजूला ठेवले. कुठलाही कागद भरायचा असला की व्यवसायाच्या रकान्यात मी तोच शब्द लिहीत आले आहे. म्हटले, ही तर आपल्यातलीच दिसते, हिचेच चरित्र लिहावे. वाचत गेले तशी माझी थोडी फसगत झाली, परंतु ते पुढे ओघाने येईल.

डोरोथी मेरी क्रोफूट यांचा जन्म १२ मे १९१० रोजी इजिप्त देशात कैरो येथे झाला. लग्नानंतर त्या हॉजकिन झाल्या. वडील जॉन क्रोफूट तेथील शिक्षणखात्यात नोकरीस होते, पुढे त्यांची सुदानात बदली झाली. जुन्या इमारती आणि उत्खनन हा त्यांच्या आवडीचा विषय. आई ग्रेस यांना घरची माणसे मॉली म्हणत. या मॉलीबाईंविषयी थोडे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. सुइणीचे शिक्षण मात्र त्यांनी घेतले होते. सुदानात गेल्यावर तेथल्या बायकांजवळ बसून त्या चातीवर सूत काढायला आणि मागावर विणायला शिकल्या. जुन्या काळच्या कापडाचा तुकडा पाहून तो कसा विणला आहे हे सांगण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. मृत समुद्राजवळच्या गुहेत दोन हजार वर्षांपूर्वीच्या धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांवर गुंडाळलेले तागाचे कापड तपासण्याचे काम याच बाईंकडे आले. बायकांच्या पंगतीला बसून शिकलेली विद्या कुठवर पोहोचली पाहा!

डोरोथी चार बहिणींत थोरली. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ती चार वर्षांची होती. मुलींना इंग्लंडात वर्दिंग या समुद्रकाठच्या गावी आजीआजोबांजवळ दाईच्या हवाली केले आणि आईवडील परदेशी राहिले. युद्धाच्या चार वर्षांत आई एकदाच येऊन भेटू शकली. आईचे चारही भाऊ त्या युद्धापायी गेले. मुलींना असे ठेवून जाणाऱ्या आईला दोष द्यावा की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. मला ठरवता आले नाही. डोरोथीबाईंनी पुढे आयुष्यभर युद्धाविरुद्ध काम केले त्याचे मूळ मात्र इथे असावे असे वाटते.

दहाव्या वर्षी एका छोट्या वर्गात मुलांना तुरटीचे आणि मोरचुदाचे खडे करून दाखवले गेले. आपण खडीसाखर कशी होते ते जाणतोच. दाट पाकात दोरा सोडून ठेवला की दिवसागणिक त्यावर साखर धरत जाते आणि प्रत्येक खडा आपल्या आपण कोनाकोनांचा होतो. कोणी कोरत नाही, घासत नाही. तुरटीचेही तसेच, मोरचुदाचेही तसेच, फक्त प्रत्येकाचा आकार वेगळा. आपण ती खडीसाखर फोडून प्रसादाला वाटतो. या मुलीला ते कोन कुठून आले हे जाणून घ्यायचे होते. घराच्या माळ्यावर तिने बाटल्या मांडून आपली प्रयोगशाळा केली. तेराव्या वर्षी आईवडिलांकडे खार्टुमला गेली, तेव्हा तेथील एका रसायनशास्त्रज्ञ स्नेह्यांनी तिला रसायनांची पेटी दिली. शाळेत रसायनशास्त्र मुलग्यांसाठीच होते. तिला आणि आणखी एका मुलीला खास परवानगी देऊन त्या वर्गात बसवले. आणि सोळाव्या वाढदिवसाला आईने तिला एक पुस्तक दिले. विल्यम ब्रॅग या शास्त्रज्ञाने लहान मुलांपुढे केलेल्या भाषणांचे ते पुस्तक होते. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकातल्या अणूंची मांडणी ओळखता येते, हे त्यात सांगितले होते. डोरोथीची पुढची वाट त्या पुस्तकाने ठरली.

ही क्ष-किरणांची युक्ती मला समजायला तीन दिवस लागले. मुलीने शेवटी ओढणी दिली आणि तिच्यातून लांबच्या रस्त्यावरचा दिवा पाहायला लावला. पातळ मलमलीतून दूरचा बारीक दिवा पाहिला की त्याच्याभोवती ठिपक्यांची फुलीसारखी नक्षी दिसते. ती नक्षी काही ओढणीवर काढलेली नसते, ती विणीमुळे उमटते. ओढणी फिरवली की नक्षी फिरते. वीण जितकी बारीक, तितके ठिपके लांब लांब पडतात. स्फटिक ही अशीच फार बारीक वीण आहे, धाग्यांच्या जागी अणू. त्यातून क्ष-किरण सोडले की पलीकडच्या फोटोच्या काचेवर ठिपके उमटतात. ते ठिपके म्हणजे अणू नव्हेत. कोणता ठिपका कुठे आहे आणि किती काळा आहे हे मोजून, महिनोन्महिने आकडेमोड करून, वीण कशी असली पाहिजे ते उलट शोधायचे. आई कापडाची वीण ओळखी, लेक अणूंची ओळखू लागली.

१९२८ साली डोरोथीबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल या मुलींच्या कॉलेजात दाखल झाल्या. पदवीनंतर दोन वर्षे केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्या हाताखाली काम केले आणि १९३४ मध्ये ऑक्सफर्डला परतल्या. त्याच सुमारास हाताची बोटे दुखू लागली. वय चोवीस. डॉक्टरांनी निदान केले ते संधिवाताचे. आपल्याकडे हा म्हातारपणचा आजार समजतात, पण हा सांधे वाकडे करणारा संधिवात तरुण बायकांनाही गाठतो. १९३७ साली थॉमस हॉजकिन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढच्या वर्षी पहिला मुलगा झाला आणि त्या बाळंतपणानंतर दुखणे एकदम उसळले. सकाळी उठून कपडे चढवणे कठीण झाले. बक्स्टन येथे जाऊन त्यांनी उपचार घेतले, त्यांनी उतार पडला, परंतु हात पुन्हा सरळ झाले नाहीत. प्रयोगशाळेत परत आल्या तेव्हा क्ष-किरण यंत्राचा खटका बोटांनी ओढता येईना. मग खटक्याला लांब दांडा लावून घेतला आणि कामास लागल्या.

ही प्रयोगशाळा विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत होती. वर पुराणकाळच्या प्राण्यांचे सांगाडे आणि खाली तळघरात डोरोथीबाईंची खोली. उजेडाची खिडकी उंचावर, आणि तिच्याशेजारच्या अरुंद माडीवर सूक्ष्मदर्शक. डोळ्यांना जेमतेम दिसणारा स्फटिक हातात घेऊन शिडीने वर चढायचे, तो तपासून पुन्हा शिडीने खाली यायचे. तेही त्या हातांनी. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांच्या मंडळात बायकांना प्रवेश नव्हता. डोरोथीबाई त्यावर भांडत बसल्या नाहीत. मी असते तर भांडले असते.

आता पेनिसिलिन. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बशीत बुरशी पडलेली आढळली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेलेले दिसले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पण त्या बुरशीतले औषध वेगळे काढणे फ्लेमिंग यांना साधले नव्हते. ते काम ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी केले. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू टोचले आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिले. सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही मेले आणि औषध दिलेले जगले. चेन यांना इतका आनंद झाला की रस्त्यात डोरोथीबाई भेटताच त्यांनी ही बातमी सांगितली आणि एक दिवस तुम्हाला याचे स्फटिक देऊ असे वचन देऊन टाकले.

स्ट्रेप्टोकोकस हे नाव कठीण आहे, पण त्याचे काम आपल्या घरांना ठाऊक आहे. बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरायचा आणि आठवड्यात ती जायची, तो बाळंतज्वर बहुतेक वेळा याच जातीच्या जंतूंचा. माझ्या आजीची आई अशीच गेली. आजी तेव्हा नऊ दिवसांची होती. तिला शेजारणीने अंगावर पाजून वाढवले. हे आजी सांगायची तेव्हा त्यात रडणे नसायचे, त्या काळी घरोघरी असेच होते. म्हणून त्या आठ उंदरांची हकिगत वाचताना मला आजीच आठवत होती.

औषध सापडले खरे, पण ते पुरेसे मिळेना. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या एका पोलीस शिपायाला ते दिले. तोंडावरच्या जखमेतून त्याच्या अंगभर विष पसरले होते. औषध देताच तो सुधारू लागला. औषध संपत आले तेव्हा त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन पुन्हा गाळून काढून त्यालाच टोचले. तरी साठा संपला आणि मार्चमध्ये तो दगावला. बाहेर महायुद्ध चाललेले, जखमी सैनिकांची रांग लागलेली. बुरशीकडून थेंबथेंब मिळवण्यापेक्षा कारखान्यात रसायनांपासून औषध बनवता आले तर? पण त्यासाठी त्याची आतली रचना समजली पाहिजे. इंग्लंड-अमेरिकेतले शेकडो रसायनशास्त्रज्ञ या कामाला लागले, आणि हे सारे युद्धातले गुपित म्हणून बंद दाराआड.

रसायनशास्त्रज्ञांची रीत अशी की पदार्थ मोडायचा, तुकडे ओळखायचे आणि त्यावरून मूळ वस्तू कशी असेल ते ठरवायचे. पण पेनिसिलिन हे भलतेच नाजूक. त्याला आम्ल लावले की ते आतल्या आत फिरून दुसरेच काही होई. फुटलेल्या काकणाचे तुकडे गोळा करावेत आणि ते तुकडेच रंग बदलू लागावेत, तसा प्रकार. त्यात गंधक आहे हे सुद्धा १९४३ पर्यंत ध्यानात आले नव्हते. दोन तर्क पुढे आले. एडवर्ड एब्रहॅम आणि चेन यांचे म्हणणे, आत चार अणूंचे कडे आहे. सर रॉबर्ट रॉबिन्सन यांना ते मुळीच पटेना. त्यांच्या मते तेथे पाच अणूंची दोन वेगवेगळी कडी होती. रॉबिन्सन म्हणजे त्या काळचे फार मोठे नाव, पुढे १९४७ मध्ये त्यांनाही नोबेल मिळाले. डोरोथीबाईंवर त्यांचे उपकारही होते. पहिली उपकरणे घ्यायला पैसे मिळवून देण्यास त्यांनीच मदत केली होती, इन्सुलिनचे पहिले स्फटिकही त्यांनीच दिले होते. त्यांच्याच तरुण सहकाऱ्यांपैकी जॉन कॉर्नफोर्थ यांनी तर, पेनिसिलिन तसे चौकोनी निघाले तर आपण रसायनशास्त्र सोडून अळंबी पिकवू, अशी प्रतिज्ञा केल्याचे सांगतात.

चौकोनाला एवढा विरोध का, हे मला मंगळागौरीच्या फेरावरून उमजले. सहा जणींनी फेर धरला तर प्रत्येकीचे हात ऐसपैस पसरतात. चौघींनीच फेर धरला की प्रत्येकीचे दोन हात काटकोनात येतात. कार्बनच्या अणूला आपले हात साधारण १०९ अंशांवर पसरून उभे राहायला आवडते. त्याला ९० अंशांत कोंबले की ताण येतो. या फेरात तीन कार्बन आणि एक नायट्रोजन. त्यातून त्यांपैकी दोघांचे हात शेजारच्या पाच जणांच्या फेरातही गुंतलेले, त्या दुसऱ्या फेरात गंधक. म्हणजे अवघडलेपण दुप्पट. असला फेर टिकेलच कसा, असे रॉबिन्सन यांना वाटले तर त्यात नवल नाही. या चार जणांच्या कड्याला शास्त्रात बीटा-लॅक्टम म्हणतात.

डोरोथीबाईंनी मोडतोड केली नाही. पेनिसिलिन होते तसे, अखंड पाहायचे ठरवले. त्यासाठी स्फटिक हवे होते आणि ऑक्सफर्डच्या पेनिसिलिनचे चांगले स्फटिक होईनात. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीच्या शास्त्रज्ञांना ते साधले. अमेरिकेचे पेनिसिलिन इंग्लंडच्याहून थोडे वेगळे आहे, बाजूची शेपटी निराळी, हेही तेव्हाच कळले. तिकडून आलेल्या काही मिलिग्रॅमवर काम सुरू झाले. चिमटीतल्या मिठापेक्षाही ते कमी. बार्बरा लो ही त्यांची विद्यार्थिनी सोबतीला होती. दोघींनी पेनिसिलिनला पोटॅशियम जोडलेले आणि रुबिडियम जोडलेले असे स्फटिक घेतले. नॉर्थविच येथे बन आणि त्यांच्या सहकारी टर्नर-जोन्स सोडियमच्या स्फटिकावर काम करत होते. अशा जड अणूंची युक्ती अशी की ते ठिपक्यांच्या गर्दीत ठळक उमटतात. गावच्या जत्रेत पोराच्या डोक्यावर लाल टोपी घालावी, म्हणजे त्याच्यावरून बाकीच्यांचा ठाव लागतो, तसेच.

हायड्रोजन सोडले तर पेनिसिलिनच्या एका रेणूत २३ अणू. एवढ्यांच्या जागा ठरवायला वर्षे लागली. आकडेमोडीसाठी लाकडी पेटीत कागदाच्या पट्ट्या लावून ठेवलेल्या असत, त्यांवरच्या आकड्यांच्या बेरजा करत जायचे. पुढे पुढे भोके पाडलेल्या पत्त्यांवर चालणारे हिशेबाचे यंत्रही वापरले. उत्तर यायचे ते नकाशाच्या रूपाने. डोंगराच्या नकाशात उंची दाखवणाऱ्या रेघा असतात तशा रेघा, आणि जिथे शिखर तिथे अणू. बन यांचे नकाशे आणि या दोघींचे नकाशे शेजारी ठेवून जुळवले, चुका शोधल्या, पुन्हा मांडले. १९४५ च्या वसंतात, युरोपातले युद्ध संपत होते त्या दिवसांत, चित्र स्वच्छ झाले. आत चौकोन होता. डोरोथीबाईंनी तारा आणि बुचे घेऊन त्याची प्रतिकृती बनवली. बुचे म्हणजे अणू आणि तारा म्हणजे त्यांचे हात. लहान मुलीने केलेल्या खेळण्यासारखी ती दिसते. रॉबिन्सन यांना ते लवकर पचले नाही. कॉर्नफोर्थ यांनी अळंबी पिकवली नाहीत, हे बरेच झाले, कारण १९७५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचेच नोबेल मिळाले.

गंमत अशी की ज्या ताणामुळे विद्वानांना हा चौकोन अशक्य वाटला, तोच औषधाचा प्राण निघाला. जंतूच्या अंगाभोवती एक भिंत असते. गोधडीसारखे तिला सतत आडवे टाके घालावे लागतात आणि ते टाके घालणारी प्रथिने जंतूजवळ असतात. पेनिसिलिन त्या टाके घालणारीजवळ गेले की अवघडलेला फेर सुटतो आणि सुटलेला हात तिलाच कायमचा धरून बसतो. टाके पडायचे थांबतात, आत पाणी शिरते आणि जंतू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसल्यामुळे आपल्याला त्या मानाने इजा नाही. हे सारे नीट उलगडायला १९६५ साल उजाडावे लागले. जंतूही कमी नाहीत. हा चौकोन आधीच फोडून टाकणारा पदार्थ काही जंतू बनवतात, हे तर एब्रहॅम आणि चेन यांनी १९४० मध्येच पाहिले होते. कॅप्सूलचा पुरा डोस घ्या म्हणून डॉक्टर बजावतात, त्यामागे या जंतूंचीही धास्ती असते. आमच्या धाकटीने तिसऱ्या दिवशी बरे वाटताच टाळाटाळ सुरू केली होती, तिला मी हीच कथा सांगून उरलेल्या घ्यायला लावल्या.

मूळ सांगाडा कळल्यामुळे पुढची वाट दिसली. पण प्रयोगशाळेत पेनिसिलिन घडवायला १९५७ साल लागले आणि ती रीत कारखान्याला परवडणारी नव्हती. बुरशीच अधिक हुशार ठरली. मग १९५० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी बुरशीकडून नुसता सांगाडा, चौकोन आणि पंचकोन एवढाच, मिळवला आणि त्याला हव्या त्या शेपट्या जोडण्याचे तंत्र बसवले. अँपिसिलिन १९६१ मध्ये आले, अमॉक्सिसिलिन १९७२ मध्ये. आपल्या महाराष्ट्रात १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. गावोगावच्या दवाखान्यांतून पेनिसिलिनची सुई पोहोचली ती त्या काळात.

आता त्या गृहिणी शब्दाकडे वळते. पेनिसिलिनच्या दिवसांत डोरोथीबाईंना दोन मुले होती, तिसरे १९४६ मध्ये झाले. यजमान बाहेरगावी प्रौढ लोकांचे वर्ग घेत आणि आठवड्याअखेर घरी येत. पण घरी मुले सांभाळायला आणि स्वयंपाकाला बायका होत्या. पुढे ऑक्सफर्डच्या वूडस्टॉक रस्त्यावरच्या घरात डोरोथीबाईंची बहीण आपल्या पाच मुलांसह राहायला आली आणि ते चांगले भरलेले एकत्र कुटुंब झाले. म्हणजे डोरोथीबाई काही माझ्यासारख्या गृहिणी नव्हत्या. १९४७ मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या सभासद झाल्या होत्या, १९६० मध्ये त्या सोसायटीच्या संशोधन प्राध्यापक. मग इतकी वर्षे स्फटिक तपासलेल्या बाईला गृहिणी म्हणून का छापले? आधी मला त्या शब्दाचा आनंद झाला होता, नंतर रागच आला. आणखी विचार केल्यावर असे वाटले की चूक दुहेरी आहे. जी गृहिणी नव्हती तिला गृहिणी म्हटले, आणि तिची मुले ज्यांनी खरोखर न्हाऊमाखू घातली त्या बायकांना मथळ्यात काय, कोपऱ्यातही जागा मिळाली नाही. माझ्या यजमानांना हा मुद्दा पटला नाही. ते म्हणाले की वर्तमानपत्रे असेच लिहितात. मी तो इथे लिहूनच ठेवते.

ते नोबेल १९६४ सालचे. पेनिसिलिन आणि बी-१२ जीवनसत्त्व यांच्या रचनेसाठी ते मिळाले. बी-१२ चे लाल स्फटिक त्यांच्या हाती १९४८ मध्ये आले आणि पूर्ण रचना १९५६ पर्यंत लागली. आपल्या शाकाहारी घरांतल्या बायकांना हातापायांना मुंग्या येतात म्हणून डॉक्टर ज्याची इंजेक्शने देतात तेच हे. बातमी आली तेव्हा डोरोथीबाई आफ्रिकेत घाना देशात यजमानांकडे होत्या. थोरला मुलगा अल्जिअर्सला, मुलगी झांबियात शिक्षिका, आणि धाकटा त्या वर्षी आपल्या हिंदुस्थानात होता! रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री. आधीच्या दोघी मेरी क्यूरी आणि त्यांची कन्या आयरीन. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या राणीने ऑर्डर ऑफ मेरिट दिला, तो त्यापूर्वी एकाच स्त्रीला, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना मिळाला होता.

इन्सुलिनचे काम तर याहून चिवट. रॉबिन्सन यांनी दिलेले स्फटिक १९३४ चे आणि रचना उलगडली १९६९ मध्ये. पस्तीस वर्षे! त्या अखेरच्या तुकडीत आपल्या देशाचे एम. विजयन होते. केरळात जन्मलेल्या विजयन यांनी पुढे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये हे शास्त्र रुजवले. सॉमरव्हिलमध्ये डोरोथीबाईंच्या हाताखाली शिकलेली आणखी एक विद्यार्थिनी सर्वांच्या माहितीची आहे, मार्गारेट थॅचर. गुरुशिष्यांची मते राजकारणात अगदी उलट टोकांची, तरी पंतप्रधान झाल्यावर थॅचरबाईंनी आपल्या निवासात डोरोथीबाईंचे चित्र लावले होते. डोरोथीबाई १९७६ ते १९८८ या काळात अण्वस्त्रांविरुद्ध काम करणाऱ्या पगवॉश या शास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या.

लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात मॅगी हँबलिंग या चित्रकर्त्रीने १९८५ मध्ये काढलेले त्यांचे चित्र आहे. पांढरे केस विस्कटलेले, डोळ्यांवर चष्मा, समोर कागदांचा पसारा. आणि हात चार! ते वाकडे झालेले हात सतत कामात असत म्हणून चित्रकर्त्रीने ते चार काढले. ते चित्र मुलीने मोबाइलवर दाखवले तेव्हा माझ्या सासूबाईंनी ही कुठली देवी म्हणून विचारले.

१९८२ मध्ये थॉमस वारले. १९९३ साली पेकिंगला स्फटिकशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली. त्र्याऐंशी वर्षांच्या डोरोथीबाई चालू शकत नव्हत्या, तरीही चाकांच्या खुर्चीत बसून तेवढ्या लांबवर गेल्या आणि जुन्या चिनी मित्रांना भेटल्या. २९ जुलै १९९४ रोजी इंग्लंडात वॉरिकशायरमधील इल्मिंग्टन या खेड्यात त्यांचे निधन झाले. पेनिसिलिनची ती बुचांची आणि तारांची प्रतिकृती मात्र लोकांनी जपून ठेवली आहे.